ज्यू संस्थेत काम सुरू करताय? स्वयंसेवक ते विश्वस्त, पायरी पायरीने

मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबाग, पुणे. महाराष्ट्रातल्या बहुतेक ज्यू संस्था एवढ्या पट्ट्यात येतात. सिनेगॉगचे, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांचे ट्रस्ट, दफनभूमी सांभाळणाऱ्या समित्या, शाळा, वृद्धांना मदत करणारी केंद्रं, तरुणांची शिबिरं. देशात ज्यू आता जेमतेम चार-पाच हजार उरलेत. त्यात बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, सर्वांत जास्त, आणि ते मुख्यतः आपल्याच राज्यात. संस्था मात्र समाज कितीतरी मोठा होता त्या काळातल्या आहेत. कामं तेवढीच राहिली, हात कमी झाले. म्हणून पंचविशीतल्या मुलामुलींनाही दोन वर्षांत 'आता सेक्रेटरीपद तुम्हीच घ्या' असं सांगितलं जातं, आणि ते पद म्हणजे नेमकं काय हे बहुधा कुणी शिकवत नाही.

हा लेख अशा नव्यांसाठी आहे. घरचा वारसा म्हणून समितीत आलेल्या बेने इस्राएल तरुणांसाठी, आणि नोकरी म्हणून ज्यू संस्थेत रुजू झालेल्या इतर धर्मांतल्या सामाजिक कार्यकर्ते, हिशेबनीस, शिक्षकांसाठीही.

१. आपली संस्था कोणत्या जातीची, ते आधी ओळखा

सिनेगॉग ट्रस्ट हा पहिला प्रकार. मुंबईत मांडवीचं शार हारहमीम (१७९६), पनवेलचं बेथ एल (१८४९), पुण्याचं ओहेल डेव्हिड म्हणजे आपलं लाल देऊळ (१८६७), ठाण्याचं शार हाशामाईम (१८७९) ही त्यातली जुनी नावं. इथे पगारी माणसं थोडी, म्हणजे समाश (देखभाल करणारा), एखादा कारकून, पहारेकरी, कुठे कुठे हझान (प्रार्थना चालवणारा). बाकी सगळं काम बिनपगारी.

दुसरा प्रकार शाळांचा. माझगावची सर एली कदूरी शाळा हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ साली बेने इस्राएल मुलांसाठी सुरू केली. आज तिथले बहुतेक विद्यार्थी ज्यू नाहीत. अशा संस्थेत शिक्षण खात्याचे नियम आधी शिकावे लागतात, समाजाचे नंतर.

तिसरा प्रकार सेवा संस्थांचा. जेडीसी ही १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली मदतसंस्था १९६४ पासून भारतात काम करते आहे. व्यवसाय-प्रशिक्षण देणारी ओआरटी १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मली, भारतात ती १९६०च्या दशकात आली. पगारी सामाजिक कार्यकर्ते, कार्यक्रम अधिकारी, लेखापाल अशी पदं मुख्यतः या प्रकारात मिळतात. चौथा प्रकार नवा आहे. ज्यू मूल्यांच्या प्रेरणेने चालणारी, पण सर्वांसाठी काम करणारी संस्था. कळव्याच्या वस्तीतल्या मुलांसाठी काम करणारा गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई हे त्याचं उदाहरण.

यावर चरितार्थ चालवायचा आहे की सेवा म्हणून वेळ द्यायचा आहे, हे पहिल्या तीन महिन्यांत ठरवा. सिनेगॉग ट्रस्टमध्ये विश्वस्त होणं ही करिअरची पायरी नाही. तिथे पगाराची आशा ठेवून आलेला माणूस वर्षभरात खट्टू होऊन जातो, आणि लहान समाजात असा एक माणूस गेला तरी ती जागा लवकर भरत नाही.

२. पदांची नावं आणि त्यांचे खरे अधिकार

बेने इस्राएल सिनेगॉगमध्ये मुकादम हा प्रमुख, चौगुला त्याचा मदतनीस, गबाई खजिनदार, हझान प्रार्थना चालवणारा, समाश देखभाल करणारा. जुनी मंडळी सिनेगॉगला 'मशीद' म्हणतात, तेव्हा 'रविवारी मशिदीत मीटिंग आहे' असा निरोप आला तर गोंधळू नका.

हे अधिकार परंपरेचे झाले. कायद्यापुढे मात्र ज्याचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत विश्वस्त म्हणून चढलं आहे तोच विश्वस्त. अनेक ठिकाणी मुकादम एक, नोंदीतला विश्वस्त दुसरा आणि बँकेतली सही तिसऱ्याची, अशी स्थिती असते. सगळं सुरळीत चालू असेतो कुणाला फरक पडत नाही. छप्पर दुरुस्तीची मोठी रक्कम काढायची वेळ आली की काम अडतं.

३. पहिल्या महिन्यात हे कागद मागा

पद असो वा नसो, वाचायला मागायला हरकत नाही. मागताना 'तपासायचं आहे' असं म्हणू नका, 'शिकायचं आहे' म्हणा. तेच खरंही आहे.

- संस्थेची घटना, ट्रस्ट डीड किंवा न्यायालयाने वा धर्मादाय आयुक्तांनी ठरवून दिलेली योजना
- पीटीआर उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या विश्वस्त नोंदवहीतल्या अनुसूची १ची नक्कल
- गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
- पॅन, आयकराचं १२एबी नोंदणीपत्र, असल्यास ८०जीचं (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं)
- एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी असल्यास तिचं प्रमाणपत्र आणि शेवटचा एफसी-४, म्हणजे तिचं वार्षिक विवरण
- मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, दफनभूमीचाही
- गेल्या पाच वर्षांची इतिवृत्त वही
- बँक खात्यांची यादी आणि प्रत्येक खात्यावर सही कुणाची

घटना वाचताना चार गोष्टी वहीत उतरवा: सभासद कोण होऊ शकतो, विश्वस्तांची मुदत किती, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, गणसंख्या किती. स्त्रियांना मतदानाचा आणि समितीवर येण्याचा हक्क आहे का, हेही तिथेच सापडेल. 'आपल्याकडे चालत नाही' असं ऐकलं तर आधी कलम दाखवायला सांगा. पुष्कळदा तसं कलमच नसतं.

सातबारा कोकणातल्या दफनभूमीसाठी फार महत्त्वाचा. रायगड जिल्ह्यात ज्या गावांतून सगळी कुटुंबं उठून गेली, तिथे आजही कबरी आहेत. जमीन कुणाच्या नावावर आहे, इतर हक्कात काय लिहिलं आहे, हे महाभूलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतं. नाव चुकलं असेल तर तलाठ्याकडे जायच्या आधी जुना फेरफार काढा. फेरफाराशिवाय गेलात तर हेलपाटा होतो.

४. दोन दिनदर्शिका एका कागदावर आणा

नव्या कार्यकर्त्याला सर्वांत लवकर भोवणारी गोष्ट म्हणजे तारखा. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि लेखापरीक्षण ३० सप्टेंबरच्या आत आटोपायचं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हाच ज्यू दिनदर्शिकेतल्या तिश्री महिन्याच्या सणांचा काळ. २०२६चंच बघा. ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी नव्याचा सण म्हणजे ज्यू नववर्ष सुरू होतं, २० तारखेच्या संध्याकाळपासून दारफळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, हा उपासाचा दिवस, २५ला संध्याकाळी सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण. त्याच महिन्यात १४ला गणेश चतुर्थी आणि २५ला अनंत चतुर्दशी. तुमच्या सीएकडची माणसंही गावाला गेलेली असतात. म्हणून पावत्या, बँक जुळवणी आणि मालमत्तेची यादी ३१ मेपर्यंत सीएच्या हाती द्या, आणि सह्या जुलैत उरका.

शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत. या काळात सभा, फोन, लिहिणं, पैसे घेणं काहीही ठेवू नका. बाहेरच्या पाहुण्यांना शनिवार सोयीचा वाटतो, त्यांना आधीच रविवार सुचवा. सिनेगॉगमध्ये मानासाठी देणगी बोलायची पद्धत आहे. शब्बाथला बोललेली रक्कम लिहून ठेवता येत नाही, म्हणून दोघांनी लक्षात ठेवायची आणि रविवारी वहीत चढवायची, असं काम वाटून घ्या. एकाच्याच भरवशावर ठेवलं की वर्षाअखेरीस येणं जुळत नाही.

कार्यक्रमाच्या जेवणाबाबत एकच सोपा नियम पाळा. शंका असेल तर शाकाहारी ठेवा, आणि भांडी संस्थेचीच वापरा. मलिद्याचं, म्हणजे बेने इस्राएल घरांतल्या नवस-आभाराच्या विधीचं ताट असेल तर पोहे, गूळ, नारळ आणि फळं कोण आणणार हे आठ दिवस आधी ठरवा.

५. पैशातले तीन सापळे

*पहिला सापळा: इस्राएलमधून आलेला पैसा.* समाजातली बहुतेक घरं इस्राएलशी जोडलेली आहेत. अश्दोद, लोद, बेरशेबा इथले मामा-मावशी आजोळच्या सिनेगॉगसाठी आनंदाने पैसे पाठवतात. पाठवणाऱ्याचं नागरिकत्व इस्राएली असेल तर ती विदेशी देणगी ठरते, मग तो जन्माने मुरूडचा असो, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असो, की त्याने रुपयांत, हातात, भारतात येऊन दिलेली असो. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण पासपोर्टची प्रत घेऊन ठेवाच.

यातून दोन कामं निघतात. देणगीच्या अर्जावर 'नागरिकत्व' हा रकाना हवा. आणि दानपेटीवर मराठी, इंग्रजी, हिब्रूत स्पष्ट सूचना हवी. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या जागी किंवा कोकणातल्या जुन्या सिनेगॉगला भेट देणारे पाहुणे भक्तिभावाने डॉलर, शेकेल (इस्राएली चलन) पेटीत टाकतात. त्यांना नाही म्हणताना जीवावर येतं. पण नंतर गृह मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं ते संस्थेला.

नोंदणी घ्यायची असेल तर संस्थेला तीन वर्षं पूर्ण हवीत आणि त्या तीन वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. विदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे, म्हणजे वर्षात १० लाख मिळाले तर कार्यालय, हिशेबनीस, व्यवस्थापकाचा पगार हे सगळं मिळून २ लाखांच्या आत. हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, अगदी शेजारच्या सिनेगॉगलाही नाही. एफसी-४ विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं.

*दुसरा सापळा: ८०जीचं आश्वासन.* निव्वळ धार्मिक ट्रस्टला किंवा एकाच धार्मिक समाजासाठी चालणाऱ्या ट्रस्टला ८०जी साधारणपणे मिळत नाही. उत्साहाच्या भरात पत्रकावर 'करसवलत मिळेल' असं छापू नका. आधी नोंदणीपत्र डोळ्यांनी बघा. ८०जी असेल तर रोख देणगीवर २,००० रुपयांपर्यंतच सवलत मिळते, आणि देणगीदारांची यादी आयकर विभागाला दरवर्षी द्यावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांची जुनी मांडणी बदलली आहे. जुन्या फायलीतला नमुना तसाच भरू नका.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा धार्मिक कामाला मिळत नाही, पण ऐतिहासिक वास्तूचं जतन कंपनी कायद्याच्या यादीत बसतं. काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचं २०१९ साली पूर्ण झालेलं काम यासाठी जरूर जाऊन बघा. वास्तुविशारद आभा नारायण लांबा, आणि निधी देणाऱ्यांत जेएसडब्ल्यू फाउंडेशन. पैसा उभा करण्याआधी वास्तूची पूर्ण पाहणी आणि दस्तऐवज तयार असणं किती उपयोगी पडतं, हे तिथे कळतं.

*तिसरा सापळा: जागा.* जुन्या मुंबईत मोक्याच्या जागी छोटा समाज, म्हणजे बिल्डर, भाडेकरू आणि मंडप-पार्किंगवाले येतच राहणार. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल, बक्षीस, आणि इमारत वा बिगरशेती जमिनीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा यांना धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. शेतजमिनीसाठी ही मुदत दहा वर्षं. कर्ज काढायलाही मंजुरी हवी. नव्या माणसाला पुढे करून एखाद्या करारावर सही घेण्याचा प्रयत्न झाला तर एवढंच म्हणा: 'ठराव आणि मंजुरीची प्रत आधी.'

६. समितीवर आलात की ९० दिवसांत बदल अर्ज

निवड झाली, टाळ्या झाल्या, फोटो झाला. कायद्याने काम इथून सुरू होतं. त्याच विश्वस्त अधिनियमाच्या कलम २२ खाली हा बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. यालाच चेंज रिपोर्ट म्हणतात, नमुना अनुसूची ३. लागणारे कागद:

- सभेची नोटीस आणि ती सर्वांना पोचल्याचा पुरावा
- हजेरीपट, सह्यांसकट
- ठरावाची प्रमाणित प्रत
- नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- जाणाऱ्यांचा राजीनामा किंवा मृत्यू दाखला
- अनुसूची १ची ताजी नक्कल आणि घटनेची प्रत

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते नोटिशीच्या पुराव्यावर. व्हॉट्सअॅपवर निरोप टाकला आणि घटनेत 'लेखी नोटीस १४ दिवस आधी' असं असलं तर एक हरकत आली तरी सगळी निवड धोक्यात येते. पोस्टाची पोच किंवा सहीचं रजिस्टर ठेवा.

दुसरी अडचण ज्यू ट्रस्टांत विशेष. विश्वस्त इस्राएलला स्थायिक होतो, राजीनामा द्यायचा राहून जातो, आणि पंधरा वर्षांनीही अनुसूची १ वर त्याचं नाव असतं. मग तीन-चार निवडणुकांचे अर्ज एकावर एक साचतात आणि ते क्रमाने सोडवावे लागतात. अशा वेळी सर्वांत जुन्या बदलापासून सुरुवात करा. बाहेरगावच्या विश्वस्ताकडून राजीनामा इमेलवर मागवू नका, तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून मूळ प्रत मागवा. उशिराबद्दल कारणांसह वेगळा माफीचा अर्ज द्यावा लागतो. एफसीआरए नोंदणी असेल तर पदाधिकारी बदलल्याचं गृह मंत्रालयाला निराळं कळवायचं.

हिशेब आणि विवरणं वारंवार न भरणं हे कलम ४१डी खाली विश्वस्तावर कारवाईचं कारण होऊ शकतं. तुमच्या आधीच्या वर्षांची विवरणं बाकी असतील तर पद घेण्याआधी तसं लेखी नोंदवून घ्या.

७. शिकायचं काय, आणि कुठे

पहिल्या वर्षी फक्त तीन गोष्टी हातात घ्या: इतिवृत्त लिहिणं, पावती फाडणं, भेटींची नोंद ठेवणं. इतिवृत्तात चर्चा नको. ठराव, मांडणारा, अनुमोदक आणि मतं एवढंच हवं. दुसऱ्या वर्षी एक छोटा उपक्रम पूर्ण तुमचा, अंदाजपत्रकापासून अहवालापर्यंत. दहा घरांतल्या वृद्धांची दरमहा भेट असा आकार पुरे. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी तेच शिकवा.

चरितार्थासाठी येत असाल तर समाजकार्याची पदवी मोठा आधार देते. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६) आणि चर्चगेटची निर्मला निकेतन (१९५५) ही मुंबईतली जुनी ठिकाणं. पदवीच्या क्षेत्रकार्यासाठी ज्यू वृद्धांसोबतचं काम मागून घ्या. परदेशी निधी देणाऱ्यांशी इंग्रजीत नेमका अहवाल लिहिता येणं आणि टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येणं, या दोन गोष्टी जाहिरातीत नसल्या तरी मुलाखतीत विचारतात.

हिब्रू बोलता आली नाही तरी अक्षरं ओळखायला शिका. दफनभूमीची नोंदवही करताना लागतात. हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतं, आणि नव्याच्या सणापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी ३७६१ वजा करायचे. कबरीवर हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो, तो ५००० धरायचा.

योजनांबाबत एक गैरसमज जागोजागी आढळतो. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण केंद्राच्या सहा अधिसूचित समाजांत ज्यू नाहीत. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देताना योजना राज्याची की केंद्राची हे आधी पाहा, नाहीतर पालकांची धावपळ फुकट जाते.

शिबिरं घेणार असाल तर मुलांसोबत कायम दोन प्रौढ, आणि लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरातल्या घरात मिटवणं नाही. संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत तक्रार समिती हवीच. २००८ साली नरिमन हाउस या मुंबईतल्या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून सुरक्षा हे प्रत्येकाचं काम झालं आहे. कार्यक्रमाची जागा-वेळ समाजमाध्यमांवर आधी टाकू नका, पाहुण्यांची ओळखपत्रं आदल्या दिवशी मागवा, आणि स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्या.

८. पदावर असतानाच सोपवण्याची फाइल बांधा

पुढच्या पाच वर्षांत तुम्ही किंवा तुमचे सहकारी अलिया करतील, म्हणजे कायमचे इस्राएलला जातील, परदेशी नोकरीला जातील, याची शक्यता या समाजात इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणून सेक्रेटरीपदाच्या पहिल्याच महिन्यात एक फाइल उघडा. तीत वर्षभराच्या विवरणांच्या तारखा, पोर्टलांचे लॉगिन कुणाकडे, संस्थेच्या नावाचं सिमकार्ड आणि इमेल, सीए-वकील-गवंडी-प्लंबर यांचे संपर्क, चाव्यांची यादी, सेफेर तोराह (हस्तलिखित धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या) किती आणि कुठे, दफनभूमीचा नकाशा. पासवर्ड खासगी फोनमध्ये ठेवले आणि माणूस तेल अवीवला गेला की ओटीपी तिकडे जातो, हे सारखं घडतं. नोंदणी संस्थेच्याच क्रमांकावर करा.

बँकेत सही करणारे किमान तीन ठेवा, दोघांच्या सहीने व्यवहार, आणि त्या तिघांतला निदान एक चाळिशीच्या आतला. कुणी जायचं ठरवलं की विमानाचं तिकीट काढण्याआधी राजीनामा, सही बदलण्याचा ठराव आणि बँकेचा अर्ज, हे तिन्ही एकाच सभेत करून घ्या. माणूस समोर असताना वीस मिनिटांत होणारं हे काम, तो गेल्यावर सहा महिने चालतं.